चार याद्यांत एकच पिच्चर

२० डिसेंबर, शनिवार
पेपरात अन् मोबाईलवर मिळून चार समीक्षकांच्या 'वर्षातले उत्तम दहा' याद्या आल्या. चारहीत पहिला नंबर त्या दोन भावांच्या पिच्चरले. चौघं चार गावचे, मग नंबर एकच काहून? मिलीभगत आहे. तपास करणं आहे.

२२ डिसेंबर, सोमवार
प्रेमलालजी ऑफिसात आले. बालाघाटच्या मराठी मंडळाचे सचिव. मंडळ नवीन वर्षापासून फिल्म क्लब काढून राह्यलं. रविवारी याद्यांवर माझं भाषण. जमलं तर क्लबचा अध्यक्ष मीच. कोणाजवळ बोलू नका, म्हणाले. एवढं गुपित काहून? हेच आणखी कोणाले सांगितलं असंल. तरी हौ म्हटलं. कृषी विभागात खताच्या फायली सरकवता सरकवता केस पिकले, कोणी माझं मत विचारलं नाही. मले हे पद पाहिजे. लय पाहिजे.

२३ डिसेंबर, मंगळवार
ऑफिसातून थेट टॉकीज. दोन भावांचा पिच्चर, सहाचा शो. नेहमीसारखा इंटरवलमध्ये उठलो, नाहीतर घरची, राजेगावची शेवटची बस जाते. आजवर सगळे पिच्चर असेच पाहिले, काही अडलं नाही. जाणकाराले अर्धा पुरे.
मोठा भाऊ हिरा माणूस. आजारी मायले रोज आपल्या हातानं औषध पाजते. लहाना चोरासारखा खिडकीतून पाहत राह्यते. बस. यात पहिल्या नंबरचं काय आहे?

२५ डिसेंबर, गुरुवार. सुट्टी.
चारही समीक्षणं वाचली. चौघंही लिहितात, 'उत्तरार्ध हादरवतो.' शब्दसुद्धा तेच! पुरावा सापडला. शिवाय मोठ्या शहरात वेगळी कॉपी दाखवत असतील अन् आमच्याकडे साधी पाठवत असतील.
संकल्प : नावं घेऊन बोलायचं. भ्यायचं नाही.
जेवताना बायको आनंदी म्हणाली, तिनं बहिणीसोबत बाराच्या शोत पाहिला, तुमीबी भाषणाआधी एकदा पुरा पाहून घ्या. मी विचारलं, तुले कोणी पाठवलं? ती भात वाढत राह्यली.

२७ डिसेंबर, शनिवार
पुरा पाहावं म्हणून टॉकीजपर्यंत गेलतो. मग वाटलं, आणखी एक तिकीट म्हणजे यादीवाल्यांचाच फायदा. वापस आलो. तत्त्व म्हणजे तत्त्व.

२८ डिसेंबर, रविवार
हॉल भरला होता. मी दणकून बोललो. चौघांची मिलीभगत उघडी केली. शेवटी म्हटलं, पिच्चर साधाच आहे, पण त्यातल्या मोठ्या भावाचा आदर्श आपल्या पोरांनी घ्यावा. मायची सेवा कशी करतात ते शिकावं.
लोक हसले. हसतच राह्यले. मले वाटलं, जमलं. मग चैतराम मास्तर उठले. म्हणाले, महागूभाऊ, जमिनीसाठी मायले रोज थोडं थोडं विष तोच तर पाजते.
आनंदी दुसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही, खाली पाहत होती. हसणाऱ्यांपेक्षा तेच जास्त लागलं.

३० डिसेंबर, मंगळवार
प्रेमलालजीचा फोन. माझ्यासाठी नाही, आनंदीसाठी. रविवारी मी निघून आल्यावर ती लोकांसोबत त्या पिच्चरवर बोलत राह्यली म्हणे. क्लबची अध्यक्ष तिले केलं. मी म्हटलं, हे सगळं आधीच ठरलं होतं. ती म्हणाली, हौ, ठरलं होतं, तुमचं नाव ठरलं होतं.
जेवलो नाही. झोपही नाही.

४ जानेवारी, रविवार
आनंदीनं बाराच्या शोत नेलं. इंटरवलमध्ये सवयीनं उठलो. तिनं शर्ट धरून बसवलं. माय मेली तेव्हा रडलो. अंधार होता, कोणाले दिसलं नसंल.
पिच्चर चांगला आहे. पहिल्या नंबरचाच आहे.
पण संशय काही जात नाही. बसमध्ये आनंदीले विचारलं, हे त्या चौघांले माझ्याआधी कसं समजलं असंल?
ती म्हणाली, शेवटपर्यंत बसले असतील.