हळदीचं बोलावणं

आई,

दुखणं जडलं म्हणून घरात बसवलेल्या सगळ्या बायांची तुझ्यासारखी एकच तक्रार आहे: मरण यायच्या आधीच माणसांनी त्यांना आपल्यातून वजा केलं. हे मी वैरागच्या बाजारापासून आपल्या शहरातल्या मिलच्या फाटकापर्यंत सांगत फिरते. कर्करोग शिवल्यानं होत नाही, हे ओरडून माझा घसा बसतो. पण सांगणं थांबत नाही. औषध डॉक्टरांनी द्यावं. माणसांत बसायला जागा देणं आपलं काम, त्याला कुठली पदवी लागत नाही. बायका ऐकतात. मग मी तुझी गोष्ट सांगते.

शुक्रवार पेठेतलं आपलं घर. समोरच्या काकूंच्या लेकीचं लग्न ठरलंय. पेठेत कुणाचीही हळद दळायची असली की जात्यात पहिली मूठ तू घालायचीस आणि पहिलं गाणंही तूच म्हणायचीस. छातीतली गाठ फुटून जखम वाहू लागली होती, तरी त्या सकाळी तू हिरवं लुगडं नेसलीस, जखमेवर कापूस आणि कापूर बांधलास आणि उंबऱ्याशी येऊन बसलीस. "माझ्या गाण्याबिगर दळली तर हळदीला रंग न्हाय यायचा, बघ की," म्हणून हसलीस. समोर जातं फिरू लागलं. बोलावणं आलं नाही. "लोक भितात, आई," मी म्हणाले. "असू दे. लेकीचं लगीन हाय तिच्या," म्हणालीस आणि लुगडं बदलायला आत गेलीस. काकूंनी पाठवलेले लाडू मात्र तू परत धाडलेस आणि शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीस.

इथपर्यंत सांगितलं की सभा हळहळते. पुढचं मी कधी सांगितलेलं नाही. आदल्या दुपारी तू निजली होतीस तेव्हा काकू आल्या होत्या.

"तुजी आय कुटं हाय? उद्या पहिली मूठ तिनंच घालायची."

मी दार अडवून म्हणाले, "नको काकू. जखमेला वास येतो. बायका नाकाला पदर लावतील."

"लावू देत की. मी बसते तिच्याजवळ."

"नको म्हटलं ना."

मला वाटलं, मी तुझी लाज राखतेय. खरं तर मी माझी राखत होते. तुला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. काकू आता थकल्यात, तरी पेठेतल्या सभेला पुढं येऊन बसतात. मी त्यांच्यावर कोरडे ओढते आणि त्या मान खाली घालून ऐकतात. इतक्या वर्षांत एकदाही त्यांनी मला खोटं पाडलं नाही.

हे पत्र तुला पोचणार नाही, म्हणूनच इतकं धीटपणे लिहिता आलं. उद्या पेठेत सभा आहे. काकू समोर असतील. त्यांच्यादेखत हे सगळं सांगेन आणि मग एवढंच म्हणेन: बायांनो, दारात माझ्यासारखी लेक उभी असली तर तिला बाजूला सारा. आत जा आणि आजारी बाईलाच विचारा, "येतीस का?"