गाडी धुतली, बापू राहिले

फुलसावंगी तांडा,
सोमवार

प्रिय भारत,

हे फोनवर बोलता येत नाही. फोनला रेंज अंगणात बापूंच्या बाजेपाशीच मिळते आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत. मेसेज पाठवला असता तर तू अंगठा टाकून मोकळा झाला असतास. म्हणून कागद घेऊन बसले. बोलताना मी मले-तुले करते आणि लिहायला बसले की शाळेतली भाषा येते, हसू नकोस. मुद्दा बापूंच्या अंघोळीचा आहे, पण तिथवर यायला मला जरा वेळ लागेल. फार थकले आहे रे. बापूंची डावी बाजू गेली तेव्हापासून दिग्रसचं घर आणि माझी वैष्णवी सासूच्या भरवशावर टाकून इथे बसले आहे. याडी असती तर गोष्ट वेगळी होती, आई गेली की सगळं लेकीवर येतं.

आधी तुझ्या गाडीचं सांगते, नाहीतर तुझा जीव पत्रात लागायचा नाही. हैदराबादला खोलीपाशी जागा नाही म्हणून दिवाळीत ती इथे ठेवलीस आणि जाताना मला पूर्ण धडा देऊन गेलास. तो मी पाळते बाबा. उन्हात धूत नाही, अंगणात सावली असते तेवढ्यात आटोपते. आधी नुसतं पाणी सोडून धूळ वाहू देते, कोरड्यावर फडकं फिरवत नाही. कपड्यांची पावडर नाही, तू दिलेला शाम्पूच. एक बादली शाम्पूची, दुसरी फडकं खंगाळायला. टपापासून खाली येते, चाकं सगळ्यात शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. पुसताना रगडत नाही, तू आणलेला जाड मऊ पंचा पसरून पाणी टिपून घेते. पाखरांची घाण वाळायच्या आत भिजवून काढते. वैष्णवी तान्ही होती तेव्हा तिलाही मी इतकं जपलं नव्हतं.

काल मी गाडीसाठी पाणी आणायला गेले आणि शेजारच्या सुखीकाकीला माझी दया आली. ओसरीत वेचलेल्या कापसाचा ढीग आहे, त्यातला चांगला ओंजळभर घेऊन तिने गाडीचं बॉनेट खसाखसा पुसलं. तिला तरी काय म्हणावं? कापसाहून मऊ आपल्या इकडे कोणाला काय माहीत आहे? पण वेचलेल्या कापसात सरकी असते, बोंडाची वाळकी टरफलं असतात. त्यांनी रेघा ओढल्या. पुढचं तुला ठाऊकच आहे. व्हिडिओवर मला फोन तिरपा धरायला लावलास, उजेडात धरायला लावलास, रंग खालपर्यंत गेला का म्हणून विचारलंस आणि मग किती वेळ ओरडत होतास. मला राग आला भारत, खरंच आला. बापू कसे आहेत एवढं तेवढ्यात विचारून झालं असतं.

दिवाळीत तू पाहिलंस, तेव्हा फकिरामामा रोज सकाळी येऊन त्यांना अंघोळ घालत होते. तू गेलास आणि चार दिवसांत मामा-मामी ऊसतोडीला गेले. तांड्यातले हातीपायी धड पुरुष सगळे तिकडेच आहेत, मागे राहिलो बाया आणि म्हातारे. तेव्हापासून बापूंना धड अंघोळ नाही. तोंड, हात, पाय, पाठ मला धुऊ देतात. त्याच्यापुढे हात गेला की धोतराची गाठ मुठीत घट्ट धरून बसतात. तुझे दाजी एकदा मुद्दाम आले होते, तर जावयाच्या हातून अंघोळ घेण्यापेक्षा मेलेलं बरं म्हणाले. कमरेखालची कातडी लाल होऊन सोलायला लागली आहे. दवाखान्यातल्या बाईंनी बजावलंय, अंग धुऊन कोरडं ठेवा, नाहीतर जखम चिघळेल. मी समजावून थकले, भांडून थकले, एकदा तर रडूनही पाहिलं.

काल तुझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं. मी फोन आत ठेवायला गेले आणि परत आले तर बापू बाजेवरून खाली, गाडीच्या चाकापाशी चिखलात पडलेले. उरलेल्या पाण्याची बादली एका हाताने ओढून स्वतःच अंग धुवायला गेले होते. सुखीकाकीने आणि मी कसंबसं उचललं. धोतर चिंब झालं होतं. ते बदलायला मी गाठीला हात लावला, तर माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बबे, तू नको पाहू मले. पोराच्या हाताची लाज नाही वाटत." आपले बापू रडताना मी याडी गेली तेव्हाही पाहिले नव्हते. शेवटी चादरीआड एका हाताने त्यांनी स्वतःच ते सोडलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. मग मला शपथ घातली, पोराची नोकरी नवी आहे, त्याला फोनवर काही सांगायचं नाही.

फोनवर सांगितलं नाही, लिहिते आहे. तू ये. फकिरामामा परतेपर्यंत राहता आलं तर उत्तम, नाहीतर येऊन त्यांना तुझ्यासोबत घेऊन जा. रेघांचं पॉलिश वगैरे काय ते तू ठरव, मी आडवी येणार नाही. रजा मिळत नसेल तर तेही सरळ कळव, मला वाट पाहायला लावू नकोस. मग मी त्यांचा हात धरून ठेवीन, गाठ सोडीन आणि अंघोळ घालीन, कारण जखम चिघळलेली मला बघवणार नाही. तेवढी ताकद आहे माझ्यात. पण त्या दिवसानंतर बापू माझ्या तोंडाकडे कधी बघणार नाहीत, आणि मला अजून त्यांची लेक म्हणून राहायचं आहे.

तुझीच,
बबिताताई