रोज एकने वाढणारा बाइट

६ जानेवारी, मंगळवार
१. काल असेंब्लर बिल्ड केला, म्हणजे सोर्स कोडपासून चालणारी फाइल बनवली.
२. आज एकही ओळ न बदलता पुन्हा केला.
३. दोन फाइलींत एका बाइटचा फरक. त्या बाइटमधला आकडा काल २११, आज २१२.
४. सोर्स कोडचा पासवर्ड दोघांकडेच: मी आणि तोहिद.
५. मी काही केलेलं नाही.

चाळीस वर्षांपूर्वीच्या, टीव्हीला जोडायच्या होम कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टीम आणि असेंब्लर, म्हणजे लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, आम्ही दोघं सांभाळतो. मी बावड्यात लॅपटॉपवर लिहिते. खरं मशीन कोडोलीत, तोहिदच्या अब्बांचं. त्यावर चालल्याशिवाय काही बाहेर पाठवायचं नाही, हा नियम. नवी आवृत्ती रविवारी, १८ला. जगभरात एकवीस जण वाट बघताहेत.

संकल्प: पुराव्याशिवाय कुणावर संशय घ्यायचा नाही.

७ जानेवारी, बुधवार
२१३. बरोबर एकने. करणारा शिस्तीचा आहे. तोहिद केबलींनासुद्धा चिठ्ठ्या लावतो.

त्याला फोन करायचा नाही असं ठरवलं. ९.४० ला केला. कामावरून आल्यावर काय करतोस, सहज विचारलं. 'जेवतो की,' म्हणाला. उत्तर जरा जास्तच तयार होतं.

८ जानेवारी, गुरुवार
२१४. पासवर्ड बदलला. त्याला कळवलं नाही. हा संशय नव्हे, खबरदारी.

१० जानेवारी, शनिवार
काल बिल्ड केलाच नाही. आज थेट २१६. पासवर्ड नसतानाही कालचा एक त्याने सोडला नाही.

दुपारी त्याचा फोन. पासवर्ड चालंना म्हणाला. बाइट तूच बदलतोस, हे मी शांतपणे मुद्देसूद सांगितलं. तो म्हणाला, 'मशीन अब्बांचं हाय. गुंडाळून ठेवतो. तुझं तू बघ.' निर्दोष माणूस भांडला असता.

आई कांदा चिरत ऐकत होती. म्हणाली, 'मशीन त्याचं, संशय तुझा. वाटणी बरोबर हाय की!' आईला असेंब्लर कळत नाही.

रविवारची आवृत्ती लॅपटॉपवरच तपासेन. नियम परिस्थितीनुसार बदलतात.

१२ जानेवारी, सोमवार
लॅपटॉपवर सगळं चाललं. पाठवायला हात होईना. म्हणून सोर्स पहिल्यापासून वाचला.

सापडलं. बिल्ड करताना फाइलीच्या शेवटी एका ठरावीक तारखेपासूनच्या दिवसांचा आकडा लिहिणारी ओळ. रोज एक जास्त. फाइल कुणी बदललीच, तर कुठल्या दिवशी ते कळावं म्हणून. लिहिणारी मी, गेल्या जूनमध्ये. तेव्हा ऋतुराज आमच्यासोबत होता आणि संशय त्याच्यावर होता. नंतर तो सोडून गेला. का, ते मी कधी विचारलं नाही.

ओळ तांत्रिकदृष्ट्या बिनचूक आहे.

पाच वेळा लिहून खोडलं. शेवटी हे पाठवलं:

तोहिद, तो बाइट माझाच. चूक माझी. ती ओळ काढली आहे. नवा पासवर्ड सोबत आहे. मशीन पुन्हा उघडायचं की नाही, ते तू ठरव. गुरुवारपर्यंत, १५ तारखेपर्यंत, कळव.