भिंगावरचा पडदा

प्रिय ओसमार,

तुझ्या नातीचा फोटो मिळाला. नाक अगदी आपल्या आईचं घेतलंय बिचारीने. इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, वारा डोकं खातो आणि शेजारची इर्मा रोज सकाळी माते चहाचा पेला घेऊन माझ्या दारात ठाण मांडते.

तिच्याच हट्टापायी रविवारी आपल्या दीपस्तंभावर गेले. "जिथे वाढलीस तिथेच तिकीट काढ आता," म्हणून ती मला चिडवत होती. आईच्या स्वयंपाकघरात आता टोप्या विकतात. पायऱ्या मी चारदा बसत चढले. वर भिंगाभोवतीचे पडदे मात्र पूर्वीसारखेच आहेत.

माहिती सांगणारी मुलगी विशीतली असेल. म्हणाली, "दिवसा पडदा ओढला नाही, तर ऊन भिंगातून शिरून आग लावतं. एकदा रखवालदाराचा मुलगा विसरला. लाकूडकाम जळालं, भिंग तडकलं. आणि पठ्ठ्या म्हणतो कसा, मी ओढला होता!" सगळे हसले. ओसमार, मीसुद्धा हसले. इर्माने विचारलं, "तुझ्या भावाचंच ना गं हे?" मी मान डोलावली. उतरताना मला माझीच किळस आली.

त्या सकाळी तू पडदा ओढून खाली आलास, त्यानंतर मी वर गेले होते. भिंगात समुद्र उलटा दिसतो, तो बघायला मी पडदा सारला. आईने हाक मारली आणि मी तशीच धावत सुटले. बाबांनी तुला खोटारडा म्हटलं, घराबाहेर काढून मोन्तेविदेओ शहराच्या बसमध्ये बसवून दिलं, तेव्हा मी दाराआड उभी होते. बारा वर्षांची होते, त्यांच्या पट्ट्याला घाबरले, हे खरं. पण पुढे पन्नास वर्षं कोणाला घाबरत होते? बाबांना पुरताना तू दफनभूमीच्या फाटकाबाहेरच थांबलास. मी तुला पाहिलं आणि नजर वळवली. याची लाज मला आगीपेक्षा जास्त वाटते.

आज एकटीच परत गेले. त्या मुलीला सांगितलं, पडदा मी उघडला होता, यापुढे माझं नाव घे. तिने विचारलं, "आजी, भावाला सांगितलंत?" घरी येऊन थेट लिहायला बसले. तू खरं बोलत होतास, ओसमार. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

तुझीच, अजून म्हणू देणार असशील तर,
एल्बा