डाव्या फेंडरची लांबी

४ एप्रिल, शुक्रवार. सकाळी पावणेसात
नानांची गाडी आमच्याच गेटच्या खांबाला लागली. म्हणजे मी लावली. दूध आणायला पायी जाता आलं असतं. डावा फेंडर, पुढच्या चाकावरचा पत्रा, चेपला, सिल्व्हर रंग खरवडला. विमा कंपनीत क्लेम तपासतो, त्यामुळे सवयीने फोटो काढला, तारीख-वेळेसकट. नाना, म्हणजे सासरे, मेहरूण तलावावर फिरायला गेलेत. आले की लगेच सांगायचं. आपण स्पष्टवक्ते.

सकाळी ९
मी तोंड उघडायच्या आत नानांनी पाहिलं. बराच वेळ फेंडरपाशी वाकून उभे होते. म्हणाले, "कालदिन गाडी मझार लेताना लागनी व्हई. माले समजनं बी नही. डोया आते काम देत नही." काल गाडी आत घेताना आपल्याच हातून लागली, असं धरून चालले. फेब्रुवारीतच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. बायको, दिपमाला, म्हणाली, जाऊ द्या नाना, होतं असं. मीही म्हणालो, होतं असं.
फोटो डिलीट केला. मग डिलीट केलेल्यांतूनही डिलीट केला.

५ एप्रिल, शनिवार
दर शनिवारी नाना गाडी घेऊन यावलला थोरल्या बहिणीकडे, इंदिराअक्कांकडे जातात. आज एसटीने गेले. चावी फ्रिजशेजारच्या खिळ्याला. तीस वर्षं एसटी चालवली, एक अपघात नाही. विनाअपघात सेवेचं सर्टिफिकेट हॉलमध्ये होतं, ते नानांनी उतरवून ट्रंकेत ठेवलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिलाय. जेवताना तो बरोबर समोर येतो.
संकल्प: फेंडर स्वतः दुरुस्त करायचा, मगच सांगायचं. नुसतं सांगून मोकळं होणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

८ एप्रिल
मोतीलाल पेंटर म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. नको म्हटलं. अकरा व्हिडिओ पाहिलेत. पत्र्याचा खड्डा भरायची लांबी आणि हार्डनर घेतलं. हार्डनर हरभऱ्याच्या दाण्याएवढंच टाका, असं मोतीलालने दोनदा बजावलं. मी काय लहान आहे?
ऑफिसात एक जण म्हणे, साहेब, खांबच मध्ये आला. क्लेम नामंजूर केला. लोकांना खोटं बोलवतं तरी कसं!

९ एप्रिल
लांबी वाळली की सांगायचं ठरवलं होतं. हार्डनर जरा सढळ हाताने पडलं. लांबी दिपमालाच्या वाटीतच वाळली. वाटी गेली. हे वाळणं धरायचं नाही.

१३ एप्रिल, रविवार
दुसरी लांबी फेंडरवर बसली. पॉलिश पेपरने घासत होतो, तर नाना स्टूल घेऊन आले आणि तांब्याने पाणी सोडत बसले. दोन तास. मधेच म्हणाले, "मनी चूक, नि तुम्ही घासी राह्यनात." माझा हात थांबला. हीच वेळ होती. मी म्हणालो, ऊन फार झालंय, आत चला.
लाज वाटते. प्रायमर झाला की नक्की.

१५ एप्रिल
प्रायमर झाला. पण अर्धवट कामावर इतकी मोठी गोष्ट सांगणं शोभत नाही. रंगानंतर.

२० एप्रिल, रविवार. दुपारी
पारा ४३. स्प्रे कॅन मारला. रंग हवेतच वाळून फेंडरवर रव्यासारखा बसला. शिवाय नवीन सिल्व्हर वेगळाच दिसतो. गाडीने दहा वर्षं ऊन खाल्लंय, यात माझा काय दोष? मेळ बसावा म्हणून दारावरही मारला. आता दारही वेगळं दिसतं. हेडलाइटवर थोडा गेला.
मोतीलालने पाहिलं, विचारलं, कोणी केलं हे? म्हटलं, ओळखीतला एक आहे. तो म्हणाला, ओळख तोडा.

२६ एप्रिल, शनिवार. रात्री ८
नाना यावलहून परत आले, अर्धा रस्ता उभ्याने. अक्कांनी विचारलं, गाडी कोठे शे? तर विकली म्हणून सांगून आले. जो माणूस कधी खोटं बोलला नाही, त्याला मी ऐंशी वर्षांच्या बहिणीशी खोटं बोलायला लावलं. ताटावरूनच सांगून टाकलं: नाना, गाडी मी ठोकली.
नाना हसले. डोळे पुसले. "माले बरं वाटाले पाहिजे म्हनीसन तुम्ही आळ आंगवर लेतस. कसाले?"
म्हटलं, खरंच मी. तुम्ही तलावावर होतात. फोटो काढला होता. वेळेसकट!
म्हणाले, दाखाडा.
गॅलरी उघडली. मग डिलीट केलेल्यांतही पाहिलं.
मग त्यांनी अक्कांना फोन लावला: "मना जवाई लाखमा एक शे." दिपमालाने कितीतरी वर्षांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. पानात आग्रहाने तूप वाढलं. माझा क्लेम पुराव्याअभावी नामंजूर.

२७ एप्रिल, रविवार
नानांनी चावी कायमची माझ्या हातात दिली. दूध घेऊन आलो तर ते गेटपाशी उभे. डाव्या खांबाकडे बघत हाताने खुणावत होते. "येऊ द्या, येऊ द्या. बस! चार बोटे जागा शे."
‘डोया काम देत नही’ म्हणणाऱ्याचा अंदाज, म्हणून उतरून मोजली. चारच बोटं होती.