लांबेरच्या पाठीतली गोळी

स्टेनवेर्ड, मास नदीकाठ
३ नोव्हेंबर १९४०

प्रिय द्रिकाताई,

तुम्ही सगळी खुशाल असाल अशी आशा आहे. इकडे बटाटे काढून झाले, निम्मे कुजलेले. आईचा खोकला हटत नाही. कॉफी म्हणून भाजलेले जव उकळून पितो, त्यालाही आता कूपन लागतं.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. पुरण्याआधी लांबेरला तू स्वतः आंघोळ घातलीस, पाठीतली जखम पाहिलीस, आणि मला एवढंच विचारलंस, की माझा भाऊ पळाला होता का?

काल मृतांच्या प्रार्थनेनंतर चर्चबाहेर आमच्या तुकडीच्या कॅप्टनसाहेबांनी मला गाठलं. कोट नवा होता. दहा मेच्या लढाईचा अहवाल टाईप करून आणला होता, त्यावर माझी सही हवी होती. मी वाचायला लागलो तर म्हणाले, वाचत काय बसतोस. तरी वाचला. शिपाई लांबेर हुकूम नसताना बंकर सोडून पळाला, त्यामुळे बंकर पडला, आणि म्हणून खंदकातली तुकडी मागे घ्यावी लागली! माझ्याबद्दल मात्र 'शेवटपर्यंत लढला' असं लिहिलंय.

ताई, तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी जर्मन रबरी होड्यांतून नदी उतरत होते, तेव्हा हा माणूस आम्हाला न कळवता अख्खी तुकडी घेऊन निघून गेला. फोन बंद. निरोप द्यायला एक शिपाई पाठवला असता तरी पुरलं असतं, शंभर पावलांचं तर अंतर. त्या काँक्रीटच्या खोक्यात आम्ही तिघं, मी, लांबेर आणि सेफ, कोपराला कोपर लावून मशीनगन चालवत राहिलो. खंदकात आपली माणसं आहेत या भरवशावर.

मी सही करणार नाही म्हणालो.

"मेलेल्याला काय फरक पडतो?" ते म्हणाले.

"त्याच्या घरच्यांना पडतो."

"मग तूच सांग, तो बाहेर का गेला?"

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि हसले. ते हसणं रात्रभर डोक्यातून गेलं नाही. त्यांच्यावर संतापायचा मला हक्क आहे, पण निम्माच.

लांबेर बाहेर गेला, कारण मी पाठवलं. गोळ्या संपत आल्या होत्या, खंदकातून पेट्या आणायच्या होत्या. एकदा उजाडताना, तुकडी तिथे असताना, तो जाऊन पेट्या घेऊन आला होता. दुसरी खेप माझी होती, तसं आमचं ठरलेलं. मी म्हणालो, माझा पाय मुरगळलाय. पाय धडधाकट होता, ताई. मागचं लोखंडी दार उघडायचं धाडस मला झालं नाही. लांबेरने माझ्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. त्याला कळलं होतं. "बस तू," एवढंच म्हणाला, आणि गेला.

मी दाराच्या फटीतून बघत होतो. तो खंदकात उतरला, पुन्हा वर आला. रिकाम्या हातांनी. खंदक ओस होता. तिथून बांधाआडून गावाकडे वाट जाते, दोन मिनिटांत तो सुटला असता. पण तो वळला आणि आमच्याकडे धावत सुटला. "कुणी नाही तिथे, बाहेर पडा!" ओरडत होता. जर्मन तोवर वरच्या अंगाने नदी उतरून खंदकापलीकडच्या झाडीत शिरले होते. गोळी मागून लागली, ताई, कारण त्याचं तोंड आमच्याकडे होतं.

नंतर सेफने पांढरा सदरा फटीतून बाहेर काढला आणि आम्ही जिवंत राहिलो.

हे सगळं मी वेगळ्या कागदावर लिहिलंय, पायाच्या थापेसकट. सेफनेही खाली सही केली आहे. एक प्रत पाद्रीबाबांकडे दिली, एक कॅप्टनसाहेबांच्या दारातून आत टाकली, तिसरी या पाकिटात आहे. तुमच्या वडिलांना वाचून दाखव. गावात त्याच्याविरुद्ध ज्याने ज्याने तोंड उघडलं असेल, त्यालाही दाखव. माझं नाव झाकू नकोस.

माफी मागत नाही, तू देऊन टाकशील अशी भीती वाटते.

तुझ्या भावाला बाहेर पाठवणारा,
ग्रादुस