बैठकीच्या खोलीतले सहा ते साडेसात

मी, शिवराम नरहर आठल्ये, वय एकाहत्तर, निवृत्त इतिहास शिक्षक, राहणार अमृतराव घाटामागची गल्ली, वाराणसी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. ‘शुद्धीत’ हा शब्द इतर लोक रिवाज म्हणून लिहितात. मी तो नऊ वर्षे चार महिन्यांच्या हक्काने लिहितो. त्यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे, लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलेले धरून, रद्द समजावीत.

१. राहते घर पत्नी पद्मा हिला व तिच्यानंतर मुलगा वेदांत याला मिळावे. मात्र तळमजल्यावरची बैठकीची खोली रोज संध्याकाळी सहा ते साडेसात, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभेसाठी उघडी राहावी. दोन माणसे येत आहेत तोवर ती बंद करू नये.

वेदांतला ती खोली यात्रेकरूंना भाड्याने द्यायची आहे. त्याने ते लपवलेले नाही, आणि त्यात गैरही काही नाही. तो मला म्हणाला, “बाबा, ज्यांचं आडनावसुद्धा तुम्हाला माहीत नाही, त्यांना घरात कायमची जागा?” प्रश्न रास्त आहे. उत्तर कलम पाचमध्ये आहे.

२. माझी सर्व पुस्तके पुतणी सई हिला. समासातल्या टिपा तिने जरूर वाचाव्यात. फक्त २०१६ पूर्वी संध्याकाळी लिहिलेल्यांवर विश्वास ठेवू नये. त्या अक्षरावरून ओळखू येतील.

३. धाकटा भाऊ देवव्रत, दशाश्वमेधावर पौरोहित्य करतो, त्याला वडिलांचे चांदीचे पंचपात्र. गणेशोत्सवात माझे व्याख्यान चालू असताना त्याने ध्वनिक्षेपक बंद केला होता. भावाला माझी कीर्ती सोसत नाही, असे मी वर्षानुवर्षे सर्वांना सांगत फिरलो. त्या दिवशी मी पिऊन बाजाच्या पेटीवर पडलो होतो. देवव्रतचे बरोबर होते. हे तोंडाने सांगायला मला जमले नाही, म्हणून नोंदणी कार्यालयात सांगत आहे.

४. ‘शिवरामपंतांचा आवाज त्याशिवाय सुटत नाही’ असे म्हणून व्याख्यानापूर्वी ग्लास आणून देणाऱ्या उत्सवातल्या मित्रांना काहीही नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. माझा आवाज त्यांनी कधी ऐकलेलाच नाही.

५. आता उत्तर. सभेचा फोन नंबर पद्माने डॉक्टरांकडून मिळवला आणि चार महिने चहाच्या डब्यात ठेवला. मी जायला तयार झालो तो एका अटीवर: सभा अशी दूर हवी की तिथे एकही मराठी माणूस मला पाहणार नाही. म्हणून छावणीकडच्या एका शाळेत गेलो. दहा-बारा खुर्च्या, एक पंखा. मी तयारी करून गेलो होतो. यादवकुळाच्या नाशापासून सुरुवात करून मद्यपानाच्या दुष्परिणामांवर चाळीस मिनिटे बोललो. टाळी पडली नाही. त्या दिवशी सभा चालवत होता बिसेसर, मुन्शी घाटावरचा नावाडी. माझ्या घरापासून पाच मिनिटांवर राहणारा! तो शांतपणे म्हणाला, “गुरुजी, भाषण बढ़िया रहा. अब ई बताइए, आज पिए हैं कि नहीं?”

“पिऊन आलोय,” मी मराठीतच बोललो आणि खाली बसलो. ते सर्वांना कळले. तेवढे वाक्य सोडले तर त्या संध्याकाळी मी खरे काहीच बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिथे कोणी आडनाव विचारत नाही, सल्ला देत नाही, मध्ये बोलत नाही. चाळीस वर्षे व्यासपीठे गाजवलेल्या माणसाला ऐकायला शिकायला दोन वर्षे लागली. पुढे शाळेला खोली हवी झाली, तेव्हा मी आमची बैठक उघडली. गल्लीत कुजबुज झाली. होऊ दे म्हटले.

६. वकील म्हणाले, हा हक्क बजावायला व्यवस्थापक हवा. त्याचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता हवा. आमची सभा स्वतःच्या नावावर काहीही घेत नाही, हा तिचा नियम. नाव द्यायचे तर कोणीतरी स्वतःचे द्यायचे, आणि ते घरच्यांपुढे, अधिकाऱ्यांपुढे वाचले जाणार. मी ही अडचण सभेत दोन वाक्यांत सांगितली. आग्रह केला नाही. कोणी बँकेत आहे, कोणी रेल्वेत. कोणी नाव पुढे केले नाही. बिसेसरच्या मुलीचे लग्न मिर्झापूरला ठरत आहे आणि सोयऱ्यांना काही ठाऊक नाही. त्याने तर मुळीच नाव देऊ नये, असे मी त्याला आधीच बजावले होते.

तो म्हणाला, “हमारा लिख दीजिए, गुरुजी. लड़के वालों को हम खुद बता देंगे. बाद में पता चले, उससे अच्छा है.”

त्याप्रमाणे कलम एकमधील सभेच्या हक्कापुरता व्यवस्थापक म्हणून मी नेमतो: विश्वेश्वर ऊर्फ बिसेसर, वडील रामधनी निषाद, राहणार मुन्शी घाट, वाराणसी. हे आडनाव मला नऊ वर्षांनी, हा मसुदा लिहिताना कळले.

हा मसुदा काल वेदांतने वाचला. मग त्याने विचारले, “खोलीची किल्ली यांनी कोणाकडून घ्यायची?”

“तुझ्याकडून,” मी म्हणालो.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचला आणि खालील दोघांच्या देखत सही केली.

शिवराम नरहर आठल्ये

साक्षीदार:
१. लतिका माधव पाटणकर, निवृत्त ग्रंथपाल, वाराणसी
२. आदित्य गजानन मुळ्ये, बँक अधिकारी, वाराणसी

वाराणसी, १४ नोव्हेंबर २०२५